असू द्यावेत म्हणून

नागुमोने आर्गॉनची बारीक नळी चौतिसाव्या सांध्याला टेकवली, कळ दाबली आणि मनात दहापर्यंत मोजले. मग खांद्याने कानाशी दाबून धरलेल्या फोनमध्ये विचारले,

"चाळीसची रेघ?"

"झोपलीय," पलीकडून ओगिसो म्हणाला. "अठ्ठावीसची मात्र मजेत वाढतेय. घरी आलेल्या पाहुण्यासारखी. उठायचं नाव नाही."

"पस्तीसवर जातेय."

"जा. मी इथेच आहे. मला कुठे जायचंय?"

ओगिसो कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसला होता. नळीतल्या वायूत काय काय मिसळले आहे, ते त्या पडद्यावर उभ्या रेघांनी दिसे. चारची रेघ हेलियमची, ती हवीच होती. अठ्ठावीसची नायट्रोजनची, म्हणजे बाहेरच्या हवेची, ती नको होती. आणि चाळीसची आर्गॉनची. नागुमो एकेका सांध्यावर आर्गॉन फवारत होती. ज्या सांध्यातून हवा आत शिरत होती तिथून आर्गॉनही शिरला असता आणि चाळीसची रेघ उठली असती. अजून ती उठली नव्हती.

गळती शोधायची रूढ पद्धत निराळी आहे. बाहेरून हेलियम फवारायचा आणि आत तो हुंगणारे यंत्र लावायचे. काल सकाळी सगळ्यांनी सवयीने तेच यंत्र ढकलत आत आणले होते. काटा पहिल्याच क्षणी टोकाला जाऊन चिकटला. ज्या नळीत हेलियमच भरला होता तिच्यात हेलियम हुंगून काय कळणार? ओगिसो तेव्हा म्हणाला होता, "मासळीबाजारात उभं राहून मासळीचा वास कुठून येतोय ते शोधतोय आपण." सगळे हसले होते. ते काल. आज कोणी हसत नव्हते.

पस्तीस. छत्तीस. एक्केचाळिसाव्या सांध्यापाशी यादी संपली. नागुमोने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"ओगिसो, यादी संपली."

"मग बाहेर या. झोत सोडून बघू."

दाराबाहेर येऊन तिने वर कळवले. पाऊण तासाने झोत पुन्हा सोडला गेला. युरेनियमचा आयन इथवर येतो तेव्हा त्याच्या अंगावरचे पस्तीस इलेक्ट्रॉन आधीच गेलेले असतात. अर्ध्या मीटरच्या हेलियममधून जाताना आणखी एकोणतीस सोलले गेले, म्हणजे एकूण चौसष्ट गेले, तर वेग वाढवणारे पुढचे चक्र त्याला आत घेते. त्रेसष्ट गेलेला किंवा पासष्ट गेलेला चुंबकाच्या वळणावर वाट चुकतो आणि भिंतीवर आपटून संपतो. हेलियमची खुबी अशी, की तो सोलतो आणि आयनाला परत फारसे काही घेऊ देत नाही. हवेतला नायट्रोजन मात्र सोललेले परत देत बसतो. थोडीशी हवा मिसळली तरी चौसष्टच्या आसपासची सगळी पंगत खाली सरकते. सोमवारी शंभरातले एकवीस आयन चौसष्टवर येत होते. आज सकाळी तेरा. आता पडद्यावर नऊ दिसत होते.

फोन वाजला. विभागप्रमुख मुरोझोनो होते. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. त्या मऊपणाचीच नागुमोला भीती वाटे.

"नागुमोसान, प्रयोगासाठी बाहेरून आलेली मंडळी दोन दिवस कॉफी पीत बसलीत."

"हो. माफ करा."

"शुक्रवारी संध्याकाळी यंत्र बंद होणार. मग हिवाळा. युरेनियम पुन्हा थेट मे महिन्यात."

"हो."

तिला ठाऊक होते. या संस्थेत कराराचा माणूस दहा वर्षांवर राहू शकत नसे आणि तिचे दहावे वर्ष मार्चअखेर संपत होते. मे महिन्यात ती इथे नसणार होती. या फेरीत ठरलेला झोत मिळाला तर कायमच्या जागेसाठी समितीपुढे तिचे नाव ठेवता येईल, असे मुरोझोनोच म्हणाले होते. बाकी अकरा ठिकाणांहून तिला नकार आले होते. सगळे अतिशय सभ्य भाषेत.

"तीन वाजेपर्यंत पाहू," ते म्हणाले. "नाही जमलं तर पापुद्रे घाला. झोत कमी मिळेल, पण मिळेल. कुसाकाबेसान दर फेरीला भरून ठेवतात ना?"

"ठेवतात."

"मग तुम्ही स्वतः जाऊन सांगा. फोनवर नको. त्यांना बरं वाटेल."

फोन ठेवल्यावर नागुमोला किंचित हायसे वाटले. पापुद्रे आहेत. पंधरा आहेत. हेलियमच्या आधी इथे कार्बनचे पापुद्रेच वापरत. केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ, चौकटीवर ताणलेले. युरेनियमच्या झोतापुढे एकेक चारपाच तासांत सुरकुतून फाटे. म्हणून तर तिने सहा वर्षे घालवून ही वायूची नळी उभी केली होती. न फाटणारा पापुद्रा, असे ती पाहुण्यांना सांगे. आज फाटणाऱ्यांची गरज पडली होती. एक चार तास टिकला तरी पंधरा म्हणजे साठ तास. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एक्कावन्न. जमत होते.

आवाराच्या पलीकडे, पाने गळून गेलेल्या गिंको झाडांच्या मागे पापुद्र्यांचे वर्कशॉप होते. कुसाकाबे सदुसष्ट वर्षांचे. निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर राहिलेले. खिडकीत सोललेली पर्सिमॉनची फळे सुतळीला ओवून वाळत टांगली होती, आणि ते त्यातले एक हलक्या बोटांनी दाबून बघत होते.

"या, नागुमोसान. अजून आठवडा लागेल यांना. चहा घ्या."

"कुसाकाबेसान, पापुद्रे हवेत."

"या फेरीचे झाले की. तुमचा अर्ज आला होता. सही करून पाठवलाय."

"हो. ते वापरायचे आहेत. चौकटी झोतात सरकवणाऱ्या मोटरची किल्ली हवी होती."

कुसाकाबेंनी किटली विजेच्या शेगडीवर ठेवली. खटका लावला. मग वळले.

"वापरायचे म्हणजे?"

"झोतात घालायचे. तीन वाजता."

भिंतीवरची किल्ली त्यांनी काढली, पण दिली नाही. ती मुठीत धरून ते कोपऱ्यातल्या काचेच्या हौदापाशी गेले आणि वरची लाकडी फळी बाजूला केली. याच हौदात ते काम करत. काचेवर चढवलेला कार्बन तिरका पाण्यात सोडायचा, पापुद्रा सुटून वर तरंगू लागला की खालून चौकट घालून तो अलगद उचलायचा. नागुमो नवी होती तेव्हा हे बघायला ती मुद्दाम येत असे, श्वास रोखून.

हौद कोरडा होता. पूर्वीच्या पाण्याची पांढरी रेघ काचेवर राहिली होती, आणि तळाला धूळ.

"चौकटी रिकाम्या आहेत," कुसाकाबे म्हणाले. "पंधराही."

नागुमो हौदाकडे बघत राहिली.

"पण तुमच्या सहीचा कागद..."

"कागदावर 'चौकटी बसवल्या' असं आहे. 'पापुद्रे' असं लिहिलेलं नाही. वाचून बघा."

"कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली असतील. पहिल्या फेरीला केले होते मी. चाळीस करून त्यातले पंधरा निवडले. फेरी संपली, परत आले. झोत लागलेला पापुद्रा सुरकुततो, तुम्हाला माहीत आहे. हे जसे गेले तसे आले. मग तुमचा अर्ज काढून नीट वाचला." त्यांनी फळीवरची धूळ हाताने पुसली. "कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, 'असू द्यावेत म्हणून'."

नागुमोचे कान तापले.

"लागणाऱ्या वस्तूसाठी कोणी असं लिहीत नाही, नागुमोसान. पूर्वी तुम्हीच लिहायचात, 'ताबडतोब'. खाली तीन रेघा ओढून. एकदा तर लिहिलं होतं, 'कुसाकाबेसान, वाचवा'. तो कागद ठेवलाय मी."

ते शब्द शोधायला तिला एक अख्खी संध्याकाळ लागली होती. वायूची नळी चालली त्या वर्षी सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता, कुसाकाबेंना कोण सांगणार. शेवटी मुरोझोनो म्हणाले होते, "दर फेरीला थोडे मागवत राहू. म्हाताऱ्या माणसाला लागेल असं कशाला बोलायचं?" आणि अर्ज भरायचे काम तिच्याकडे आले होते. 'असू द्यावेत म्हणून'. ना खोटे, ना खरे. तेव्हा तिला ते फार नेमके वाटले होते.

"मला वाटलं, तुम्हाला माझ्यासाठी हे करावंसं वाटतंय," कुसाकाबे म्हणाले. "नको कसं म्हणणार?"

"आता करता येतील? उद्या सकाळपर्यंत? चार... दोन जरी झाले तरी..."

आपला आवाज चढला आहे हे तिला ऐकू आले. कुसाकाबेंनी उजवा हात हौदावर आडवा धरला, चौकट उचलताना धरत तसा. बोटे थरथरत होती. बारीक, सतत, पाण्यावर तरंग उठतील इतकी. त्यांनी तो हात तिला पुरता दिसेल एवढा वेळ तसाच ठेवला आणि मग खिशात घातला.

तीनला सव्वा तास होता. नागुमो स्टुलावर बसली. जवळपास रडू आले होते, पण त्याऐवजी तिने एक निरर्थक प्रश्न विचारला. हिशेब चुकला की आकडे पुन्हा पहिल्यापासून मांडावेत, तसा.

"मग दर फेरीच्या आधी तुम्ही आत जाऊन काय करायचात?"

"झाकण उघडायचं. मागच्या रिकाम्या चौकटी काढायच्या, पुसून परत लावायच्या. झाकण बंद. मग सही."

"रिकाम्या असून?"

"न उघडता सही कशी करणार? ते खोटं झालं असतं."

ते अगदी गंभीरपणे म्हणाले. नागुमोला हसू यायला हवे होते. त्याऐवजी ती हळूहळू उठून उभी राहिली.

ते झाकण. वायूच्या नळीच्या शेपटाला, खालच्या अंगाला, ताटलीएवढे. तिच्या यादीत ते नव्हते. तिची यादी वायू विभागाची होती आणि ते झाकण पापुद्र्यांच्या वर्कशॉपचे. त्यावर कुसाकाबेंच्या अक्षरातली पांढरी पट्टी होती, म्हणून कोणी त्याला हात लावत नसे. कालपासून ती त्याच्याजवळून निदान दहा वेळा वाकून गेली होती.

"कुसाकाबेसान, वॉशर दर वेळी नवं घालता ना?"

किटलीला उकळी फुटली. दोघांपैकी कोणी ती बंद करायला गेले नाही. अखेर तिचा खटका आपोआप पडला.

"तांब्याचं वॉशर एकदा दाबलं की संपलं," कुसाकाबे सावकाश म्हणाले. "इथल्या सगळ्यांना हे मीच शिकवलंय. तुम्हालाही." किल्ली त्यांनी भिंतीवर परत टांगली. "पण आत काहीच नव्हतं हो. रिकाम्या चौकटींपायी नवं वॉशर घालवायचं... जीव होईना. जुनंच उलटं करून लावत आलो. पाच फेऱ्या."

झोत थांबवून, आतला किरणोत्सार मोजून परवानगी मिळेपर्यंत तीन वाजत आले. मुरोझोनोंना तिने फक्त एवढेच कळवले की आणखी एक सांधा बघायचा राहिला आहे. नळीखाली नागुमो गुडघ्यांवर बसली, पांढऱ्या पट्टीच्या कडेला आर्गॉनची नळी धरली आणि कळ दाबली. दहापर्यंत मोजावे लागले नाही.

"उठली!" ओगिसो फोनमध्ये ओरडला. "चाळीसची रेघ उठली! कुठे आहात तुम्ही? काय केलंत? पुन्हा करा बघू. अरे देवा, पुन्हा उठली! नागुमोसान, कुठला सांधा?"

"नंतर सांगते."

"नंतर काय? इथे सगळे उड्या मारताहेत!"

तिने फोन खाली ठेवला. हेलियम परत टाकीत ओढून घेऊन नळीत कोरडी हवा भरायला वीस मिनिटे गेली. झाकणाचे बोल्ट कुसाकाबेंनी स्वतः सोडवले. पाना त्यांच्या हातात थरथरला की ते दुसऱ्या हाताने मनगट धरत. नागुमो मदतीला पुढे झाली नाही, फक्त काढलेले बोल्ट तळहातावर घेत गेली. झाकण निघाले. चौकटींची माळ बाहेर आली, पंधरा चौकोनी भोके, आणि प्रत्येकातून पलीकडची भिंत दिसत होती. वॉशरवर पाचसहा वेळा दाबल्याचे वळ एकमेकांवर चढले होते. एका जागी, नखाच्या टोकाएवढ्या, ते वळ जुळत नव्हते.

तिथे त्यांनी सपाट, बिनछिद्राची तबकडी बसवली. कोऱ्या वॉशरवर. कुसाकाबेंनी समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, एकेक पाव फेरा, पूर्वी तिला शिकवले होते तसेच. आवळून झाल्यावर त्यांनी पांढरी पट्टी सोलून काढली आणि घडी करून खिशात घातली.

पंप सुरू झाले. दोघे भिंतीशी उभे राहिले. अर्ध्या तासाने ओगिसोचा फोन आला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"नवा हेलियम भरतोय. अठ्ठावीसची रेघ जवळपास दिसत नाहीये. सात वाजता झोत सोडू, आठपर्यंत कळेल. बहुधा वीसच्या वर जाईल." मग जरा थांबून, "मुरोझोनोसान विचारताहेत, कारण काय होतं? बिघाडाचा अहवाल आजच हवा. समितीच्या फायलीत जायचाय."

"लिहिते," नागुमो म्हणाली.

कुसाकाबेंनी ते ऐकले होते.

"माझं नाव लिहा," ते म्हणाले. "जुनं वॉशर वापरलं. कुसाकाबे. यात खोटं काही नाही. माझाही करार मार्चला संपतोय. मला कोण काय म्हणणार?"

"झाकण कशासाठी उघडलं, असा रकाना आहे त्यात."

"लिहा, नेहमीची देखभाल."

"कोणाच्या सांगण्यावरून, असाही आहे."

"तो कोरा सोडा. कोरे रकाने कोणी वाचत नाही."

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळण्यासारखे नव्हते. समितीत सात माणसे होती. कोरा रकाना दिसला तर ती पुढच्या पानावर जातील. भरलेला दिसला तर थांबतील, आणि अर्ज मागवतील. सहा अर्ज. सहांवर एकच अक्षर, एकच कारण, आणि तिची सही. न लागणाऱ्या वस्तूसाठी तीन वर्षे झाकण उघडायला लावणारी बाई कायमच्या जागेला योग्य आहे का, यावर ती माणसे मऊ आवाजात बोलतील.

बाहेर पडायच्या दाराशी तपासणीची दोन यंत्रे शेजारी शेजारी आहेत. अंगावर काही लागून तर येत नाही ना, हे ती बघतात. पाय पाटावर, दोन्ही हात मनगटापर्यंत खाचांत, छाती पट्टीला टेकलेली. दहा सेकंद हलायचे नाही. कुसाकाबे डावीकडच्या यंत्रात उभे राहिले, नागुमो उजवीकडच्या. दोघांचे चेहरे समोरच्या भिंतीकडे.

दहा, यंत्रातली बाई म्हणाली. नऊ.

"कुसाकाबेसान," नागुमो म्हणाली. "पापुद्रे लागत नव्हते. पहिल्या दिवसापासून लागत नव्हते. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

सात.

"मला माफ करा. मी अहवालात तेच लिहिणार आहे. गरज नसताना मागवले. मागवणारी नागुमो."

हे बोलताना कमरेतून वाकायला हवे होते. तिचे हात खाचांत होते, पाय पाटावर. ती ताठ उभी राहिली, शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

पाच. चार.

शेजारी कपड्यांची सळसळ झाली. कुसाकाबेंनी हात बाहेर काढले होते, मांड्यांच्या बाजूंना सरळ धरले होते आणि ते तिच्या दिशेने खोल वाकले होते. त्यांचे पांढरे डोके तिच्या कोपरापर्यंत खाली आले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"मोजणी अपुरी राहिली," त्यांच्या यंत्रातली बाई म्हणाली. "कृपया पुन्हा सुरुवात करा."

नागुमोच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि तिच्यासमोरचे फाटक उघडले. कुसाकाबे पुन्हा पाटावर चढले. हात खाचांत घालताना उजवा हात नीट बसेना, दोनदा आपटला. तिसऱ्यांदा बसला. दहा, बाई म्हणाली.

नागुमो उघड्या फाटकापाशी त्यांची मोजणी पुरी होईपर्यंत थांबून राहिली.